बीपी नाही, मग मीठ का मोजायचे?

प्रश्न : माझे वय ४३. सासूबाईंना गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितले. एका घरात दोन-दोन भाज्या कोण करणार, म्हणून मी सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा करू लागले. मिस्टर आणि कॉलेजात जाणारा मुलगा रोज ताटावर कुरकुर करतात. माझे स्वतःचे बीपी घरच्या मशीनवर आधी ११८/७६ च्या आसपास होते, दोन महिने झाले तरी तेवढेच आहे. मिठाने बीपी वाढते म्हणतात, मग मीठ कमी केल्यावर ते उतरले का नाही? ज्याला बीपीच नाही त्याने असे बेचव खाण्यात काही अर्थ आहे का? आणि साध्या मिठाऐवजी सैंधव वापरले तर चालेल का?

— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ज्याचे बीपी मुळात ठीक आहे त्याने मीठ कमी केले म्हणून महिन्या-दोन महिन्यांत मशीनवरचा आकडा खाली येईलच असे नाही. बहुतेकांचा आला तरी इतका थोडा येतो की घरच्या मशीनला तो कळत नाही. तरीही तुम्ही सुरू केलेले सोडू नका, असेच मी सांगणार आहे. त्याचे कारण समजायचे तर तुमचा आकडा जागच्या जागी कोण धरून ठेवते, ते आधी पाहावे लागेल.

हे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे, म्हणजे किडन्यांचे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. त्या पाण्यासोबत जे मीठ गाळले जाते ते भरते जवळजवळ दीड किलो. वाण्याकडून तुम्ही एक किलोचा पुडा आणता ना, तसे दीड पुडे; तेही एका माणसाच्या अंगात, एका दिवसात. यातले ९९ टक्क्यांहून जास्त मीठ किडन्या पुन्हा रक्तात ओढून घेतात आणि आपण जेवढे खाल्ले साधारण तेवढेच लघवीवाटे बाहेर सोडतात. काल लग्नाच्या पंगतीत पापड, लोणचे, मठ्ठा झाला असेल तर आज-उद्या जास्त बाहेर जाते. चार दिवस आजारपणात पेजेवर काढले तर कमी जाते.

हा हिशेब मिटायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. तोवर शरीर जादा मिठाबरोबर पाणीही धरून ठेवते. सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या रक्तातल्या पाण्याशी जुळणारा खारटपणा साधारण तेवढाच आहे. म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ जास्तीचे पोटात गेले की तहान लागते, आपण पाणी पितो आणि तात्पुरते अर्धा लिटरभर पाणी अंगात राहू शकते. लग्नाहून परतल्यावर बोटातली अंगठी घट्ट वाटते, वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवतो, त्यात या पाण्याचा वाटा मोठा असतो.

नळीत पाणी वाढले की दाब वाढायला हवा. निरोगी शरीर तो वाढू देत नाही. रक्तवाहिन्या थोड्या सैल पडून वाढलेल्या पाण्याला जागा करून देतात. त्याच वेळी किडन्या रेनिन नावाचा पदार्थ कमी सोडतात. रेनिनमुळे पुढे अशी रसायने तयार होतात की जी रक्तवाहिन्या आवळतात आणि मीठ अंगात राखतात. तो नळच बारीक केला की दाब आवरतो आणि मीठ बाहेर पडायला वाट मिळते. मीठ कमी केल्यावर हेच उलट दिशेने घडते. तुम्ही भाजीतले मीठ उतरवलेत तेव्हा तुमच्या किडन्यांनी रेनिन थोडे वाढवले आणि दाब पूर्वीच्या ठिकाणी सावरून धरला. तुमचा ११८/७६ हा या सावरण्यानंतरचा आकडा आहे.

सगळ्यांचे शरीर हे इतक्या सफाईने करत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात यावर केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. एके दिवशी माणसांना शिरेतून सलाईन द्यायचे, दुसऱ्या दिवशी अगदी कमी मिठाचे अन्न आणि लघवी वाढवणारे औषध द्यायचे, आणि दोन्ही वेळचा रक्तदाब ताडून पाहायचा. ज्यांना बीपी नव्हते अशा ३७८ जणांपैकी २६ टक्क्यांचा दाब मिठाबरोबर ठळकपणे हलला. ज्यांना बीपी होते त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के निघाले. ज्यांचा दाब असा हलतो त्यांना वैद्यकात मीठ-संवेदनशील म्हणतात. वय वाढले, मधुमेह जडला, किडन्या थकल्या की ही संवेदनशीलता वाढते. आनुवंशिकतेचाही तिच्यात वाटा आहे. आपण मीठ-संवेदनशील आहोत की नाही हे सांगणारी रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होत नाही.

इथे तुमच्या घराकडे एकदा पाहा. सासूबाईंचे रक्ताचे नाते तुमच्याशी नाही. मिस्टरांशी आणि मुलाशी आहे. ज्या दोघांची कुरकुर आहे त्यांच्याच बाजूने बीपीची आनुवंशिकता येते. मशीनवर तुमचा आकडा हलला नाही म्हणून त्या दोघांचे भाजीतले मीठ वाढवायचे, हा निष्कर्ष निघत नाही. मिस्टरांचे बीपी शेवटचे कधी मोजले होते, हे तुमच्या पत्रात नाही. ते आधी मोजा. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, दंड छातीच्या पातळीला ठेवून मोजा. चहा, तंबाखू किंवा जिना चढून आल्यावर लगेच मोजू नका.

आता आकड्यांकडे वळू. निरोगी माणसात मिठाने नेमका किती फरक पडतो, याचे सर्वांत जपून दिलेले उत्तर असे : महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ रोजचे मीठ सरासरी ४.४ ग्रॅमने कमी केलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५.४ ने उतरला. बीपी नसलेल्यांचा उतरला २.४ ने, आणि खालचा आकडा जेमतेम १ ने.

दोन-अडीच मिलिमीटर पारा. एका दिवसात आपलाच रक्तदाब झोप, जेवण, राग, घाई यांमुळे दहा-वीस मिलिमीटर सहज वरखाली होतो. त्या गडबडीत हे दोन मिलिमीटर घरच्या मशीनवर दिसणार कसे? तुम्हाला फरक दिसला नाही याचे हे दुसरे कारण. मग एवढ्याशा फरकासाठी जेवणाची चव का घालवायची, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

याची दोन उत्तरे आहेत. पहिले मला थोडे कोरडे वाटते, तरी ते महत्त्वाचे आहे. जगभरातल्या ६१ पाहण्यांमधल्या सुमारे १० लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ साली असे दिसले की ११५/७५ पासून वर रक्तदाब जसजसा चढतो तसतसा पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका सलग चढत जातो. अमुक आकड्यापर्यंत निर्धास्त आणि पुढे धोका, असा मध्ये कुठे बांध नाही. त्याच अभ्यासाच्या हिशेबाने मध्यम वयात नेहमीचा वरचा आकडा २ ने जरी कमी असला तरी पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी कमी होतील. एका घरात हे दोन मिलिमीटर जाणवत नाहीत. एका जिल्ह्यात ते शेकडो घरे वाचवतात.

दुसरे उत्तर तुमच्या स्वतःच्या पुढच्या तीस वर्षांविषयी आहे, आणि मला तेच जास्त मोलाचे वाटते. वय झाले की बीपी येतेच, असे आपण सगळे धरून चालतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवर नजर ठेवून केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात दिसले की ५५ व्या वर्षी ज्यांना बीपी नव्हते अशांपैकी जवळजवळ ९० टक्के लोकांना उरलेल्या आयुष्यात ते होण्याची शक्यता असते. म्हणजे आज 'बीपी नाही' याचा अर्थ बहुतेकांच्या बाबतीत 'अजून नाही' एवढाच.

पण हे वयानुसार चढणे माणसाच्या देहाचाच नियम आहे का? १९८८ साली 'इंटरसॉल्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतली ५२ ठिकाणे, २० ते ५९ वयाचे दहा हजारांवर स्त्री-पुरुष. प्रत्येकाची २४ तासांची लघवी गोळा करून त्यातले सोडियम मोजले. आपल्याकडची दिल्ली आणि लडाख ही केंद्रे त्यात होती. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोकही होते. त्यांच्या अन्नात वरून घातलेले मीठ जवळपास नाहीच. त्यांचा वरचा आकडा सरासरी ९५ च्या आसपास होता, आणि तरुणांचा व प्रौढांचा सारखाच. वय वाढले तरी दाब चढला नाही.

यावर शंका घेतली गेली आणि ती योग्यच होती. यानोमामी लोक सडपातळ असतात, दिवसभर चालतात, केळी आणि कंद खातात, त्यातून भरपूर पोटॅशियम मिळते. मग श्रेय एकट्या मिठाला कसे द्यायचे? अत्यंत कमी मीठ खाणारे असे चार समाज बाजूला काढले तेव्हा उरलेल्या ४८ ठिकाणच्या रक्तदाबाचा आणि मिठाचा थेट संबंध फिका पडला. एक गोष्ट मात्र टिकून राहिली : जिथे मीठ जास्त, तिथे वयाबरोबर दाब चढण्याचा वेगही जास्त.

माणसांना वर्षानुवर्षे मीठ चारून पाहता येत नाही. तसा प्रयोग चिंपांझींवर झाला. गॅबॉन देशातल्या चिंपांझींच्या फळे-भाज्यांच्या आहारात हळूहळू वाढवत रोज १५ ग्रॅमपर्यंत मीठ दिले. वीस महिन्यांत वरचा आकडा सरासरी ३३ ने चढला. सगळ्यांचा सारखा चढला नाही. काहींचा जवळपास हललाच नाही, अगदी माणसांसारखे. मीठ थांबवल्यावर सहा महिन्यांत दाब पूर्वपदाला आला. हा अहवाल १९९५ चा आहे. अंगठी घट्ट होणे ही दोन दिवसांची गोष्ट. रक्तवाहिन्या हळूहळू ताठरत जाणे आणि जास्त दाबाशिवाय किडन्यांना मिठाचा हिशेब मिटवता न येणे, ही वर्षांची गोष्ट आहे. तरुण शरीर ज्या सफाईने सावरते ती सफाई अशीच हळूहळू ओसरते.

मीठ कमी करून हे चढणे अडवता येते का, याचा थेट पुरावा फार वर्षे नव्हता. चीनमधल्या वृद्धनिवासांत, ज्यांना बीपी नव्हते आणि बीपीची गोळीही नव्हती अशा ज्येष्ठांमध्ये दोन वर्षे एक प्रयोग झाला. काही निवासांच्या स्वयंपाकघरांत नेहमीचे मीठ, काहींत थोडे सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घातलेले मीठ. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दुसऱ्या गटात नव्याने बीपी होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. कोणालाही गोळी दिली नव्हती, कोणाला पथ्य सांगितले नव्हते. फक्त स्वयंपाकघरातला डबा बदलला होता. तुम्ही कराडच्या घरात जे करत आहात ते याच जातीचे काम आहे.

मीठ फार कमी खाणेही वाईट, असे तुमच्या वाचनात येईल. काही मोठ्या अभ्यासांत अगदी कमी मीठ खाणाऱ्यांमध्येही हृदयविकार जास्त दिसला होता. त्यातले बरेच अंदाज दिवसभराऐवजी एकाच वेळच्या लघवीवरून बांधलेले होते, आणि मुळात आजारी, अशक्त माणूस जेवतोच कमी, म्हणून त्याचे मीठही कमी भरते. त्यामुळे त्या निष्कर्षांवर माझा फारसा भरवसा नाही. आपल्या घरांना तो धोका तसाही दूरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मिठाची आहे, म्हणजे चहाचा एक छोटा सपाट चमचा, सगळे धरून. आपल्या देशातल्या पाहण्यांत हा आकडा ८ ते ११ ग्रॅम निघतो.

तरी बिनमिठाचे खा, असे मी कोणालाही म्हणणार नाही. मे महिन्यात विदर्भात दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतमजुराचे मीठ घामावाटे जाते. त्याच्या ताकात मीठ हवेच. जुलाब लागलेल्याला मीठ-साखर-पाणी हवेच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मीठ अजिबात बंद केले तर रक्तातले सोडियम घसरून भ्रम होतो, तोल जातो. सासूबाईंच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा : मीठ कमी करायचे आहे, बंद नाही.

सैंधवाचे उत्तर थोडक्यात. त्यातही ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असते. लोह, मॅग्नेशियम वगैरे असते ते नावापुरते. पादेलोण वासाने वेगळे, पण तेही मुख्यतः तेच. उपासाच्या दिवशी सैंधव वापरा, रक्तदाबासाठी म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नका. शिवाय बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते आणि ते घरातल्या सगळ्यांना लागते. दुकानात 'कमी सोडियम' लिहिलेले मीठ मिळते, त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. चीनमधला प्रयोग अशाच मिठाचा होता. तुम्हा तिघांच्या किडन्या ठीक असतील तर ते चांगले. सासूबाईंना देण्याआधी मात्र त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्यांनी अंगातले पोटॅशियम वाढू शकते. त्यात किडनी कमजोर असेल तर हे मीठ जिवावर बेतू शकते. तुमची चूल एक आहे, म्हणून विचारल्याशिवाय डबा बदलू नका.

राहिली ताटावरची कुरकुर. ती कायमची नाही. जिभेला कमी मिठाची सवय होते, साधारण सहा-आठ आठवड्यांत, आणि मग जुन्या मापाची भाजी खारट लागते. तुम्ही एकदम उतरवले असेल तर थोडे वाढवून पुन्हा दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. आमसूल, लिंबू, लसूण, मिरपूड, ओला नारळ यांनी उणीव बरीच भरून निघते. ज्वारीची भाकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनमिठाची खातो आणि तिला कोणी बेचव म्हणत नाही. तसाच भात आणि कणीकही बिनमिठाची चालते. मीठ खरे लपते ते वरच्या वस्तूंत. लोणच्याच्या वजनाचा दहा-पंधरा टक्के भाग मीठच असतो, कारण त्यावाचून ते टिकत नाही. पापड, सांडगी मिरची, फरसाण, खारवलेली मासळी, चटणीची पूड यांचेही तसेच. कॉलेजातल्या मुलाला एवढे शिकवा की पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. पानात डावीकडे मीठ वाढायची रीत पाळा, ते खायलाच हवे असे नाही. त्यासोबत डाळी, पालेभाज्या, केळी, शहाळे असू द्या. पोटॅशियममुळे किडन्यांना मीठ बाहेर टाकणे सोपे जाते.

भाजीत किती चिमटी घातल्या हे कोणालाच धड सांगता येत नाही. म्हणून मोजायचे असेल तर पुडा मोजा. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज आठ ग्रॅमहून जास्त मीठ येते, आणि लोणचे-पापड त्याच्या वर. पुढचा पुडा फोडाल तेव्हा त्यावर पेनने तारीख लिहून ठेवा. चार जणांना तो पन्नास दिवसांहून जास्त पुरायला हवा.